भाकरीबरोबरची मासळी

(बिबवेवाडी येथील धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



महोत्सव समितीने 'आरोग्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा समितीच्या मनात बहुधा रक्तदाब, व्यायाम, प्रातःकाळचे फिरणे अशा तऱ्हेचे काही असावे. मी मात्र मासळीवर बोलू इच्छितो असे कळविले. त्यावर एक सभासद हसून म्हणाले, "मास्तर, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. बिबवेवाडीत बसून मासळीचे काय सांगणार?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सरळ रेषेत मोजले तरी येथून समुद्र सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि मध्ये घाट. परंतु त्याच कारणाने हा विषय मला बोलण्याजोगा वाटतो. कोळीवाड्यात जाऊन 'मासळी खा' असे सांगणे म्हणजे गंगेत उभे राहून पाणी पाजण्यासारखे होईल. सांगावयाचे ते घाटावरच्या माणसांना, आणि तेही आपणांसारख्यांना, की ज्यांच्या घरी ती एके काळी होती आणि आता उरली नाही.

मी वैद्य नव्हे. आयुष्याची चौतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकविले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा मी जे सांगेन ते औषधोपचार म्हणून कोणी घेऊ नये. जेवणाच्या ताटाविषयी एका शेजाऱ्याने दुसऱ्याशी केलेले बोलणे एवढेच त्याचे मोल धरावे.

आरंभ शुभवर्तमानातील एका परिचित प्रसंगाने करतो. रानात जमलेल्या पाच हजारांना प्रभूने जेवू घातले, ती हकीकत आपण सर्वांनी मिस्सामध्ये अनेकवार ऐकली आहे. एका मुलाजवळ पाच भाकरी व दोन मासे होते. संत योहान येथे दोन बारीक गोष्टी नोंदवितो, आणि त्यांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पहिली, त्या भाकरी जवाच्या होत्या. गहू श्रीमंतांचा आणि जव गरिबांचा, असा तेथील रिवाज होता. दुसरी गोष्ट अशी की, माशांसाठी त्याने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजला आहे तो मोठ्या माशाचा नव्हे. भाकरीबरोबर तोंडी लावावयाच्या लहानशा, बहुधा खारविलेल्या वा शिजविलेल्या मासळीचा आहे. गालील सरोवराच्या काठी मासे खारविण्याचा मोठा धंदाच होता. मग्दाला, म्हणजे संत मारिया मग्दालियाचे गाव, हेच त्या धंद्याचे तारिखेया या ग्रीक नावाने ओळखले जाणारे ठिकाण, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. तात्पर्य, त्या मुलाच्या शिदोरीत काय होते? आपल्या भाषेत सांगावयाचे तर बाजरीची भाकर आणि सुका बोंबील.

हे मी सभारंजनार्थ बोलत नाही. आपणांपैकी बहुतेकांचे वाडवडील नगर जिल्ह्यातून, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, किंवा तशाच कोरड्या मुलखातून पुण्यास आले. काही कुटुंबे गोव्याची, काही वसईची, काही मंगळूरकडची. त्यांना मासळी सांगावी लागत नाही. परंतु आम्ही नगरकडचे लोक कधी समुद्र न पाहताही मासळी खात होतो. आठवड्याच्या बाजारी एका कडेस सुक्या मासळीवाल्या बसत. बोंबलाच्या जुड्या, सुकटीचे ढीग, वाकट्या, कधी सोडे. माझी आई बाजारातून मीठ, तेल आणि बोंबील आणी. चुलीच्या निखाऱ्यावर बोंबील भाजावयाचा, ठेचून त्यात मिरची, लसूण, मीठ, आणि वरून तेलाचे दोन थेंब. किंवा सुकट धुऊन वांग्यांत घालावयाची. १९७२ चा दुष्काळ पडला त्या वेळी मी शाळेत होतो. आमच्या पानात त्या वर्षी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होती. ती चवीस कशी लागे हे ज्यांनी खाल्ली त्यांनाच ठाऊक. तोंडी लावण्यास भाजी नव्हती, दूध नव्हते, कारण जनावरे छावणीत किंवा विकलेली. होता तो बोंबील. आज पाठीमागे पाहता वाटते, त्या वर्षी आम्हा भावंडांची हाडे धरून ठेवण्यात त्या वासट काडीचा वाटा लहान नसावा.

ही काडी म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. ओला बोंबील हातात घेतला तर पाण्याने भरलेला, लिबलिबीत. त्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या जवळपास भाग निव्वळ पाणी असतो. वसईपासून खाली किनाऱ्याच्या गावांत बांबूच्या वलांड्या उभारतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात, आणि ऊन व वारा आपले काम करतात. पुष्कळ ठिकाणी त्यास मीठही लावीत नाहीत. पाणी उडून गेले की मागे जे राहते त्यात शंभर ग्रॅमांस साठ ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात, आणि हाडे मऊ असून ती खाल्ली जात असल्याने चुनाही भरपूर. घरी आपण एका माणसास शंभर ग्रॅम वाढीत नाही हे खरे. पंचवीस ग्रॅम धरा, म्हणजे मध्यम आकाराचे मूठभर बोंबील. त्यातून सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन कोंबडीच्या अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम असतात. आता दोहोंच्या किमतीचा हिशेब ज्याने त्याने आपल्या वाण्याकडे करावा.

असो. आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ती वगळली तर या भाषणास अर्थ राहणार नाही.

नोकरी लागली, लग्न झाले, पुढे बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर घेतले. शेजार सुसंस्कृत, बहुतेक शाकाहारी, आणि आजतागायत आमच्याशी प्रेमाने वागणारा. एका दिवाळीच्या सुट्टीत आई गावाहून आली. पिशवीत बाजरीचे पीठ, शेंगा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोंबलाची जुडी. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तो जिन्यातच वास आला. आई गॅसवर बोंबील भाजीत होती. शेजारच्या कोणी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. तक्रार माझ्याच मनात होती. मी म्हणालो, "आई, हे इथे चालत नाही. लोक काय म्हणतील?" तिने गॅस बंद केला. उरलेली जुडी पुन्हा कागदात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली आणि म्हणाली, "बरं बाळा. तुझ्या घराला जसं जमंल तसं." त्यानंतर ती पुष्कळदा आली, बोंबील तिने पुन्हा कधी आणला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी मासळी म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा, नाताळात किंवा पाहुणा आल्यास, पापलेट. तेही तळलेले. एरवी वरण, भात, पोळी, बटाटा. रविवारी कधी कोंबडी. आणि मुलांच्या हट्टास्तव बेकरीचे पदार्थ. अट्ठेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह झाला. त्यावरची नेहमीची गोळी, मेटफॉर्मिन, सुरू झाली. पुढे दहा वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, विसर पडू लागला, वर्गात फळ्यावर आकृती काढता काढता हात थांबे. मी ते वयावर आणि मधुमेहावर ढकलीत राहिलो. अखेर रक्त तपासले तेव्हा ब-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ तळाशी गेलेले आढळले. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते कमी होऊ शकते हे वैद्यकात प्रसिद्ध आहे. आणि ज्याच्या जेवणात ते मुळातच थोडे, त्याची शिल्लक लवकर संपते. मला सुया घ्याव्या लागल्या. मासळी खाऊन ती तूट भरून निघाली असती असे मी मुळीच म्हणत नाही, आणि कोणीही सुईच्या जागी बांगडा खाऊ नये. परंतु माझ्या पानातून ते जीवनसत्त्व कोणी काढून टाकले, या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते.

आणि हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही, ते या पुणे शहराचे आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव आपणांपैकी काहींनी ऐकले असेल. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यांतले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरातील मध्यमवर्गीयही होते. २००६ मध्ये तिचे फलित प्रसिद्ध झाले. एकूण पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी. आणि सर्वांत अधिक तूट कोणात? खेडुतांत नव्हे, झोपडीतल्यांत नव्हे. तर शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. ज्या ताटाकडे पाहून आपण 'आता आपले बरे चालले आहे' असे म्हणतो, त्याच ताटात ही उणीव निघाली.

त्याच मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. २००८ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते प्रत्येक आईने ऐकून ठेवावे असे आहे. त्या मातांपैकी दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते. ज्या मातांच्या शरीरात फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर परंतु ब-१२ कमी, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. ही प्रवृत्ती मधुमेहाची पूर्वसूचना मानली जाते. म्हणजे आईच्या पानातील उणीव लेकराच्या रक्तात उतरण्याचा संभव आहे.

ब-१२ हे वनस्पतीत सापडत नाही. ते दुधात असते, अंड्यांत असते, मांसात असते. आणि मासळीत चांगले असते. प्रौढ माणसास दिवसाला साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. बांगड्याचा एक तुकडा ती गरज सहज भागवितो. तिसऱ्यांत तर ते इतके विपुल असते की, आठवड्यातून एकदा वाटीभर खाल्ल्या तरी पुष्कळ झाले. जे शेजारी मासळी खात नाहीत त्यांनी दूधदुभत्याकडे व वैद्याच्या सल्ल्याकडे पाहावे. त्यांच्या आचारास मी धक्का लावू इच्छीत नाही. माझा प्रश्न आपणांस आहे. आपणांस तर कोणतीच आडकाठी नाही. मग आपण का सोडली?

ब-१२ एवढीच मासळीची थोरवी नव्हे. तिच्यातील तेलाची कीर्ती तर जगभर गेली आहे. १९७० च्या सुमारास बँग व डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडमधील एस्किमो लोकांचे रक्त तपासण्यास गेले. ते लोक सीलचे व देवमाशाचे मांस आणि मासळी यांवर जगणारे. तरी त्यांच्या रक्तातील स्निग्धद्रव्यांची ठेवण डेन्मार्कमधील लोकांहून निराळी व हृदयास अनुकूल दिसली. त्यावरून ओमेगा-३ या स्निग्धाम्लांकडे वैद्यकाचे लक्ष वळले. पुढे ग्रीनलंडमध्ये हृदयरोग खरोखरच कमी होता की काय याविषयी शंका काढण्यात आल्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु तोवर माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला होता. आज आपल्या मंडळींतही पुष्कळजण त्या घेतात. त्यांच्यासाठी सांगतो की, २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक इंग्लंडमधील मधुमेही लोकांवर, दुसरी अमेरिकेतील सर्वसाधारण प्रौढांवर. आणि हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांची एकत्र गणना करता, दोहोंतही गोळ्यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मासळी जेवणात येते तेव्हा ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर प्रथिने येतात, आयोडीन येते, ड जीवनसत्त्व येते. आणि ती पानात आली म्हणजे त्या दिवशी दुसरे काहीतरी, बहुधा तळकट, पानातून बाहेर जाते. हे काम डबीतली गोळी करीत नाही.

तळकट हा शब्द आला म्हणून येथेच थांबतो. आपल्याकडे 'मासळी केली' म्हणजे 'मासळी तळली' असा अर्थ होऊन बसला आहे. रव्यात घोळवून तेलात सोडलेला तुकडा मलाही आवडतो; खोटे कशास बोलू? परंतु अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील वृद्धांचा काही वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भाजलेली वा शेकलेली मासळी खाणारांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. तळलेली मासळी खाणारांत तो लाभ दिसला नाही. आपल्या आजीबाईंनी हा अभ्यास वाचला नव्हता. त्या कालवण करीत. आमसूल किंवा चिंच, मिरची, लसूण, थोडे खोबरे, आणि एकच पळी तेल. कोकणात बांगड्यास तिरफळे घालतात. गोव्याची मंडळी हुमण करतात, आणि सुक्या सुंगटांची किसमूर करतात, जीत तेल जवळजवळ लागतच नाही. हृदयास मानवेल असे जेवण आपल्याजवळ होतेच. ते सोडून आपण उपाहारगृहातील ताटाची नक्कल घरात आणली.

येथे आपल्या शुक्रवारच्या व्रताविषयीही एक शब्द बोलतो. फादरांनी क्षमा करावी. शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करावयाचे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिस्त. आणि मासळी त्या बंदीत धरली जात नसे, ती साधे अन्न समजली जाई म्हणून. आता शुक्रवारी मांसाऐवजी मोठे पापलेट आणून चांगले परतून खाणे, आणि त्यास संयम म्हणणे, हे मला तरी हिशेबात बसत नाही. त्या दिवसास शोभेल अशी मासळी मांदेली, जवळा, बोंबील, तारली हीच. आणि योगायोग असा की, संयमाची म्हणून जी मासळी, तीच आरोग्याचीही.

कारण पापलेट व सुरमई यांना आपण मान देतो तो त्यांच्या मांसल, काटा कमी असलेल्या तुकड्यास. त्यांतील अन्नद्रव्यांस नव्हे. ओमेगा-३ ज्यांत अधिक, ती मासळी म्हणजे बांगडा, तारली, पेडवे. तारलीचा मान तर असा की, मलबारच्या किनाऱ्यावर एके काळी ती माडांस खत म्हणून घालीत. जी वस्तू मुबलक मिळते तिला आपण हलकी समजतो. शिवाय लहान मासा लहानपणीच पकडला जातो, म्हणून समुद्रातील पारा त्याच्या अंगी साठण्यास वेळ मिळत नाही. मोठे, इतर मासे खाऊन जगणारे मासे, उदाहरणार्थ मोरी किंवा तलवारमासा, हे गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी टाळावेत असे सांगतात ते याच कारणास्तव. मांदेलीला किंवा बांगड्याला ते भय जवळजवळ नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, जिचा उगम १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेल्या बेरीबेरीच्या चौकशीत झाला, तिने २०११ च्या आहारपुस्तिकेत भारतीयांस आठवड्यास निदान १०० ते २०० ग्रॅम मासळी खाण्यास सुचविले होते. हे काही फार नव्हे. आठवड्यातून दोन दिवस, एकदा ओली व एकदा सुकी, एवढ्याने ते होते. आमच्या घरी बुधवारी सुकट असते, गवारीत किंवा वांग्यांत. आणि शनिवारी बांगडा. रोज खाल्ली पाहिजे असा हट्ट नाही.

आता बाजार. पुण्यात मासळी मिळत नाही ही सबब जुनी झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चालू झाली, तेव्हाच मुंबई आणि पुणे यांमधील अंतर तासांवर आले. आज तर मुंबईच्या धक्क्यांवरून व इतर बंदरांहून बर्फात घातलेली मासळी रातोरात गाडीने येते. गणेश पेठेत तिचा ठोक बाजार आहे, कॅम्पात मिळते, आणि आपल्या आसपासच्या रस्त्यांवरही रविवारी विकणाऱ्या बसतात. प्रश्न मिळण्याचा नाही, पारखण्याचा आहे; कारण समुद्रकाठच्या बाईस जे बाळपणी कळते ते आपणांस शिकावे लागते. कल्ला उचलून पाहावा. तो तांबडा हवा, विटकरी वा फिका नको. डोळा फुगीर व स्वच्छ हवा. अंगास बोटाने दाबले असता खळगा राहता कामा नये. वास समुद्राचा यावा. अमोनियासारखा उग्र वास आला तर विकणारी कितीही 'दादा, ताजी आहे' म्हणाली तरी पुढे जावे. २०१८ मध्ये गोव्यात व केरळात मासळीस फॉर्मॅलिन लावल्याच्या बातम्यांनी मोठी खळबळ उडाली होती. त्यामुळे मासा फार दिवसांचा असून त्यास माशीही बसत नाही, असे दिसले तर शंका घ्यावी हे उत्तम.

बांगड्याविषयी एक सूचना मी प्रत्येक ठिकाणी करतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. बांगडा, कुपा, सुरमई या जातींचे मासे बर्फावाचून काही तास राहिले तर त्यांत हिस्टॅमिन नावाचे द्रव्य तयार होते. असा मासा खाल्ल्यावर घटकाभरात तोंड लाल होते, अंगास खाज सुटते, डोके ठणकते. लोक समजतात की, आपणांस मासा बाधतो, आणि जन्मभर सोडून देतात. वास्तविक बाधला तो मासा नव्हे, उन्हात गेलेला वेळ. आणि हे द्रव्य शिजविल्याने नाहीसे होत नाही. म्हणून बांगडा घ्यावयाचा तो बर्फातलाच, आणि घेऊन बाजारभर न फिरता थेट घरी आणावयाचा. ज्यांना कोलंबी-चिंबोरीची खरीखुरी बाधा आहे त्यांची गोष्ट अर्थातच निराळी. त्यांनी वाटेस जाऊ नये. ज्यांना सांध्यांत यूरिक अम्लाचा त्रास आहे त्यांनी तारली व बांगडा वैद्यास विचारूनच खावा. रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असणारांनी मीठ लावलेली मासळी टाळावी. दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. मीठ न लावलेला बोंबील निवडून मागावा. विकणारीस विचारले की ती सांगते.

जून आणि जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, कारण समुद्र खवळलेला आणि तो मासळीचा विणीचा काळ. त्या दिवसांत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरू नये. उजनी धरणाची मासळी भिगवणहून येते, रोहू, कटला, चिलापी. त्यांत प्रथिने चांगली, समुद्री मासळीतले आयोडीन व तेल मात्र त्या मानाने कमी. आणि सुकी मासळी तर पावसाळ्यासाठीच केलेली असते. मे महिन्यात घेऊन, एकदा कडक ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की आषाढ-श्रावण निघून जातो.

राहता राहिला वास. माझ्या घरी ज्याने सर्व घालविले तो हाच, म्हणून त्याचा मी पुरता अभ्यास केला आहे. वास सुटतो तो मुख्यतः भाजताना. तेव्हा बंद इमारतीत बोंबील भाजू नये. डोके व शेपूट कापून, तुकडे करून, कढत पाण्यात दहा मिनिटे ठेवावे, ते पाणी फेकून द्यावे, चोळून धुवावे, आणि मग कांदा-लसूण परतून, आमसूल घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे. काटे व साले वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी खाली टाकावीत. एवढे केले असता जिन्यात काही कळत नाही. आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा मी मुद्दाम दाराबाहेर जाऊन उभा राहिलो होतो. शेजारच्या काकू वर येत होत्या. त्यांनी विचारले, "सर, बाहेर का उभे?" मी म्हणालो, "आमच्याकडे सुकी मासळी शिजते आहे, आपणांस त्रास होतो का ते पाहतो." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आई भाजायच्या तेव्हा यायचा थोडा. आम्हाला वाटलं, म्हातारीला आवडतं, करू दे. मग एकदम बंदच झालं."

म्हणजे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी चालवून घेतले होते. बंद पाडणारा मीच एकटा. आईस जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. पाण्यात भिजवून शिजविलेल्या बोंबलास निखाऱ्यावरची चव येत नाही, हेही त्याच दिवशी कळले.

महोत्सवाच्या भोजनाची यादी समितीने काल वाचून दाखविली. पुलाव आहे, कोंबडी आहे, गोड आहे. माझी एक विनंती आहे. त्यात बोंबलाची चटणी आणि बाजरीची भाकरी घालावी. भाकरी भाजण्यास महिला मंडळाने संमती दिली आहे, आणि चटणीचे काम मी व माझी पत्नी अंगावर घेतो. मात्र बोंबील खऱ्या निखाऱ्यावर भाजावयाचे असल्याने, शेगडी मांडण्यास आम्हांस पटांगणाचा पलीकडचा कोपरा द्यावा, वाऱ्याची दिशा पाहून. आणि शेजारच्या इमारतीत आदल्या दिवशी जाऊन सांगण्याचे काम मजकडेच असू द्यावे.